चारशे अठरा नंबरचा बिल्ला

माझ्या साडूला सगळे पाणकावळा म्हणतात. काळासावळा, हाडकुळा, मान लांब, आणि पाण्यातून वर आला की होडीच्या टोकाला दोन्ही हात पसरून उन्हात उभा राहतो. नाव त्याला चपखल बसतं. मला सगळे ब्रशवाला म्हणतात. तेही चपखल बसतं, म्हणूनच मला ते आवडत नाही.

आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी मला साडूबद्दल चार ओळी लिहून द्यायला सांगितल्या. तो आता पाण्यात उतरणार नाही, त्याच्याबद्दल वार्षिक पुस्तिकेत काहीतरी यायला हवं, आणि तुम्ही घरातले, तुम्हीच लिहा, असं त्या म्हणाल्या. चार ओळींत मावलं असतं तर मी कधीच देऊन टाकलं असतं.

आधी आमचं काम सांगतो. बंदरापासून होडीने तासाभरावर प्रवाळाचा लांबलचक खडक आहे. दीडशे वर्षांपूर्वी एक मालवाहू जहाज त्यावर आपटलं आणि तिथंच बसलं. लाकूड किड्यांनी खाल्लं, लोखंड गंजलं, आणि उरलं त्या सगळ्यावर प्रवाळ चढलं. मोठा नांगर तेवढा अजून नांगरासारखा दिसतो, बाकी सगळे गोळे. त्यांतला कुठला नुसता दगड आणि कुठल्याच्या पोटात कुलूप किंवा खिळ्यांचा जुडगा आहे, हे पाणबुड्याने ओळखायचं. जिवंत प्रवाळ असलेल्या गोळ्याला हात लावायचा नाही. मेलेला, सुटत आलेला गोळा असेल तरच त्याला नंबराचा बिल्ला दोऱ्याने बांधायचा, नांगरापासूनचं अंतर मोजून प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं, आणि मग उचलायचा. वर आल्यावर पाटीवरचं आपल्या वहीत उतरवायचं आणि पाटी पुसून टाकायची.

गोळा मग माझ्या शेडमध्ये येतो. आधी त्याची बाहेरची सुटी कड झाडायची, मग गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवायचा, पाणी बदलत राहायचं. त्याला सुकू द्यायचं नाही, सुकला की आतली वस्तू तडकते. मग छिन्नी, दातांच्या डॉक्टरांकडची सुई आणि ब्रश. एका कुलपाला मला सात महिने लागले होते. त्या सात महिन्यांत माझ्या बोटांना येणारा वास घरात कुणाला आवडला नाही, आणि त्याच सात महिन्यांत साडू खाली जाऊन काय काय बघून आला ते मात्र सगळ्यांना ऐकायचं होतं.

चोवीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो. पाणबुड्यांच्या दोन जागा होत्या, अर्ज दोघांचेही होते, आणि आत डॉक्टर तपासत होते. त्याने मला अर्धं बिस्किट दिलं. मी आत गेलो तेव्हा डॉक्टरांनी डाव्या कानात बत्ती धरली आणि लहानपणी कान फुटला होता का, असं विचारलं. पडद्याला भोक होतं. मी बाहेर आलो, तो आत गेला, आणि हसत परत आला. मला शेडमध्ये घेतलं, कारण मोठ्या बाईंच्या आधीच्या साहेबांना माझी दया आली. ते अर्धं बिस्किट मी खाल्लं होतं, याचा मला आजही राग येतो.

पुढे त्याचं लग्न झालं, आणि त्याच लग्नात मी नवरीची धाकटी बहीण पाहिली. म्हणजे बायकोसुद्धा मला त्याच्याच मांडवात मिळाली. सासरी तो मोठा जावई, मी धाकटा. तिथं त्याच्यासाठी खुर्ची सरकवली जाते आणि मला विचारतात, तू बसशील ना कुठेतरी.

बरं, माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो बढाई मारत नाही, कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण विचारायला माणसं कमी नाहीत. रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवली की मुलं त्याच्याभोवती कोंडाळं करतात आणि मग तो हळूहळू सांगायला लागतो. नांगराच्या कडीत झेंडूएवढ्या केशरी माशांची एक जोडी राहते, आणि त्यांच्या घरासमोरून गेलं की ती बोटभर लांबीची पोरं त्याच्या डोळ्यांवरच्या काचेवर चाल करून येतात. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो, कुणीतरी शेजारी बसून चणे खात असल्यासारखा. फुटक्या रांजणात एक ऑक्टोपस आहे, तो रोज आत गेला की एक चपटा दगड ओढून दार लावून घेतो. तोफेवर गोल प्रवाळ वाढलंय आणि तोफेच्या तोंडात एक जाडजूड, सापासारखी वाम बसलेली असते, तिला तो सासूबाई म्हणतो. इथं सगळे हसतात, खुद्द सासूबाईसुद्धा.

मी त्या रांजणाचे तुकडे साफ केलेत. त्या तोफेतून उडवायचा लोखंडी गोळा मी अकरा महिने टाकीत सांभाळला. पण माझ्याकडे येतं तेव्हा सगळं पांढरं, मेलेलं आणि वास मारणारं असतं. ऑक्टोपसचं दार लावणं मी कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाही. माझ्या मुलीने शाळेत ‘मला आवडणारा माणूस’ या विषयावर निबंध लिहिला, तो तिच्या काकावर, म्हणजे याच माणसावर. बायको म्हणाली, लहान आहे ती, मनावर काय घ्यायचं. मी मनावर घेतलं. निबंधात माझा उल्लेख एका ओळीत होता, ‘माझे बाबा काकांनी आणलेल्या वस्तू धुतात.’

आणि वस्तूंची कार्डं. संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या प्रत्येक वस्तूखाली एक कार्ड असतं. वस्तूचं नाव, कशापासून केली, आणि शेवटी ‘शोध’. त्या शेवटच्या ओळीत ज्याने बिल्ला बांधला त्याचं नाव येतं. मोठ्या दालनात एकशे सहा कार्डं आहेत, त्यांतल्या त्र्याऐंशींवर माझ्या साडूचं नाव आहे. मी मोजलीत. माझं एकावरही नाही. नियमाप्रमाणे बिल्ला नसलेला गोळा शेडमध्ये आला आणि त्यात काही निघालं तर उघडणाऱ्याचं नाव लागतं, पण चोवीस वर्षांत बिल्ल्याशिवाय आलेल्या गोळ्यांत मला एक वाकडा खिळा मिळाला. त्याला कुणी काचेआड ठेवत नाही.

या वर्षी त्याचा उजवा खांदा गेला. इतकी वर्षं खाली राहून हाड झिजलं होतं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, आता पाण्याखाली एकदाही नाही, आणखी एकदा गेलात तर हा हात चमचा उचलायच्याही कामाचा राहणार नाही. आदल्याच आठवड्यात तो उतरला होता, ती त्याची शेवटची बुडी, असं सगळ्यांनी धरलं. मग काय विचारता. बंदरावरची माणसं त्याला भेटायला येऊ लागली, मोठ्या बाईंचे डोळे भरून आले, माझ्या बायकोने बहिणीच्या घरी तीनदा डबा पोचवला. माझं कंबरडं दोन वर्षांपूर्वी धरलं होतं तेव्हा मला मलमाची बाटली मिळाली होती, आणि तीही अर्धी वापरलेली.

त्याच्या त्या बुडीचे सहा गोळे माझ्या शेडमध्ये आलेले होते. दुपारची वेळ, शेडमध्ये मी एकटा. पाच गोळे झाडून टाकीत ठेवले आणि सहावा घेतला. घागरीएवढा, गोल, बिनचेहऱ्याचा. बिल्ला चारशे अठरा. खालची कड झाडताना हाताएवढी खपली निघून पडली आणि आत हिरवं दिसलं. लोखंड तांबडं निघतं, हिरवं म्हणजे काशाचं. मी ब्रश फिरवला. हिरव्याची एक जाड कड दिसली, बाहेर वळलेली, आणि ती वळत वळत गोल जात होती.

जहाजाची घंटा. चोवीस वर्षं सगळे जिला शोधत होते ती, जहाजाचं नाव जिच्यावर असतं ती.

मी पाणी प्यालो. बाहेर डोकावून पाहिलं. मग कात्री घेतली आणि दोरा कापला. आता हे सांगायला हवं की मी बिल्ल्याचा दोरा कधीच कापत नाही. साडूची गाठ दुहेरी असते, आणि ओल्या हातमोज्यांनी सोडता यावी म्हणून तो शेवटी एक छोटा फासा ठेवतो. असल्या हजारो गाठी मी नखाने सोडल्यात. ही कापली. बिल्ला खिशात घातला आणि मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं की बिनबिल्ल्याच्या एका गोळ्यात मला घंटा सापडलीय.

पुढचे नऊ दिवस मी राजा होतो. वर्तमानपत्रवाला आला. माझा फोटो निघाला, हातात ब्रश, बाजूला टाकी. कार्डाचा मसुदा टाइप झाला आणि शेवटच्या ओळीत माझं नाव होतं, ते मी चार वेळा वाचलं. सासरी मला खुर्ची मिळाली. मुलीने मैत्रिणी आणल्या घंटा बघायला आणि त्यांना सांगितलं, ही माझ्या बाबांनी शोधली. साडूसुद्धा आला, दुखरा हात गळ्यात बांधलेला. टाकीत वाकून त्याने घंटा खूप वेळ पाहिली, मग माझ्या पाठीवर डावा हात ठेवला आणि छान झालं म्हणाला. माझ्या मनात आलं, आता कसं वाटतंय.

दहाव्या दिवशी मोठ्या बाईंनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. घंटा मिळाली, पण ती खडकावर नेमकी कुठं पडली होती ते कळल्याशिवाय तिचा अर्धाच उपयोग, असं त्यांचं म्हणणं. घंटा जहाजाच्या पुढच्या भागात टांगलेली असते. ती जागा कळली तर जहाज कोणत्या बाजूने आपटलं आणि उरलेलं कुठं शोधायचं ते कळणार होतं. आणि वेळ नव्हता, कारण पुढच्या सोमवारपासून खडक तीन वर्षांसाठी बंद होणार होता, प्रवाळाला उसंत मिळावी म्हणून. बिनबिल्ल्याच्या गोळ्याची जागा कुणाला आठवेल का, असं त्यांनी विचारलं.

मी जमिनीकडे बघत होतो. माझ्या खिशातल्या बिल्ल्यावर नुसता नंबर होता, जागा लिहिलेली नव्हती. बाकीचे दोन पाणबुडे तरुण होते, त्यांना नांगर आणि तोफ सोडून काही ठाऊक नव्हतं. तेव्हा माझा साडू म्हणाला की मी जाऊन बघतो. गोळा जिथून निघतो तिथं खडकावर पांढरा ओरखडा राहतो, गोळ्याच्या बुडाचा आकार सोबत दिला तर जुळवून बघता येईल. मोठ्या बाईंनी डॉक्टरांची आठवण करून दिली. तो म्हणाला, एकदाच, अर्ध्या तासाचं काम आहे, या पोरांना तिथल्या खुणा कळायच्या नाहीत.

त्या बुडाचा आकार प्लास्टिकच्या कागदावर मीच काढून दिला. त्याने कागद गुंडाळून घेतला. मी तेव्हा बोलू शकलो असतो. अख्खी दुपार होती माझ्यापाशी. पण मला तो टाइप केलेला मसुदा दिसत होता, आणि मुलीच्या मैत्रिणी.

तो शनिवारी होडीने गेला, मी धक्क्यावर थांबलो. होडी परत आली तेव्हा तो नेहमीसारखा टोकाला उभा नव्हता. आत आडवा पडला होता, ओठ पांढरे, उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बाजूला. जागा सापडली, एवढं तो म्हणाला, आणि पाटी माझ्या हातात दिली. दवाखान्यातून त्याला घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा खांदा आता वर उचलला जाणार नाही. माझी मेहुणी, म्हणजे बायकोची ताई, त्याला भरवायला बसली. ती मला म्हणाली, “त्यांना लिहिता येत नाहीये. ती पाटी तेवढी त्यांच्या वहीत उतरवून द्याल का? पुसायची राहिलीय म्हणून जिवाला लागलंय त्यांच्या.”

मी बाहेरच्या खोलीत वही उघडली. शेवटचं कोरं पान शोधताना आदल्या बुडीचं पान समोर आलं. बारीक, सरळ अक्षर. ‘४१८. गोल दगड. नांगरापासून पूर्वेला साडेअकरा मीटर, पोपटमाशांच्या कपारीखाली. आत बहुधा काही नाही.’ आणि त्यापुढे वेगळ्या पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या डाव्या हाताने लिहिलेलं, ‘वर आणताना पिशवीतून निसटला.’

मी पाटी पाहिली. पूर्वेला साडेअकरा मीटर, पोपटमाशांच्या कपारीखाली.

त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाटी असते, वही असते, हे मी चोवीस वर्षं या कामात घालवून विसरलो. दोरा कापला म्हणजे संपलं, असं मला वाटलं, कारण माझ्यापाशी फक्त गोळा येतो. जागा सांगायला त्याला खाली जायची काही गरज नव्हती. पण न जाता सांगितली असती तर ती कशावरून, असं मोठ्या बाईंनी विचारलं असतं आणि वही उघडली असती. म्हणून तो गेला. चोवीस वर्षांत ज्याने वितीचीही चूक लिहिली नाही, त्याने डाव्या हाताने खोटं लिहिलं, आणि ते खरं दिसावं म्हणून उजवा हात घालवला.

मला रडू यायला हवं होतं. खरं सांगतो, आधी संताप आला. माझ्या आयुष्यात मी एकच मोठी गोष्ट केली होती, ती चोरी, आणि तिथंही हा माणूस माझ्या वरचढ ठरला. त्याच्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला.

आत जाऊन मी बिल्ला त्याच्या पांघरुणावर ठेवला. त्याने तो डाव्या हाताने उचलला आणि कापलेला दोरा पाहिला.

“कापलास,” तो म्हणाला. “गाठ सोडली असतीस तर मला वाटलं असतं, चुकून निघाला.”

मी विचारलं, “तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? मी तिला दगड म्हणून लिहिलं होतं. मी नुसती उचलली, ओळखलीस तू.” मग म्हणाला, “मागितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, याचं नाव लावा.”

“मागून नको होतं,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग त्याने जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. इतकी वर्षं खाली जाऊन त्याने गोळेच पाहिले होते. कुलपाची चावी फिरायची खाच, थाळीवरची नक्षी, हे पहिल्यांदा उजेडात येताना मी बघायचो, त्याला ते काचेआड दिसायचं, रविवारी, बाकीच्या लोकांसोबत. शेडच्या दारातून तो कितीदा डोकावला होता आणि मी दर वेळी सांगितलं होतं की मध्ये उभे राहू नका, उजेड अडतो. मला ते आठवत होतं. मी ते मुद्दाम करत असे.

सोमवारी मी मोठ्या बाईंच्या टेबलावर बिल्ला आणि वही ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी बिल्ल्याचा नंबर वहीतल्या पानाशी ताडून पाहिला. मग मला एक वर्ष मोठ्या दालनात यायची बंदी झाली आणि कार्ड बदललं. घरी मुलीला मीच सांगितलं. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की काकांचा हात बरा होईल का. साडू मात्र माझ्यावर मनापासून चिडला, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, “गाढवा, मग मी एवढा खाली कशाला गेलो होतो?”

आता तो रोज सकाळी शेडमध्ये येतो. डाव्या हाताने सुई धरायला शिकतोय. हात जड आहे, घाई करतो, परवा एका चांगल्या थाळीची कड उडवली आणि मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मला बरं वाटलं. मोठ्या बाईंनी ही चार ओळींची गोष्ट मागितली तेव्हा तो समोरच्या टाकीपाशी बसून पाणी बदलत होता, आणि शिट्टी वाजवत होता.

एखाद्या गोळ्याची खपली निघते आणि आत पहिल्यांदा काही चमकतं, तेव्हा मी हातातलं काम थांबवतो आणि त्याला हाक मारतो. तो धडपडत येतो, वाकतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी रविवारच्या जेवणांत माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

पण हाक मारण्याआधी मी एकदा स्वतः नीट बघून घेतो.